ओतायचं राहून गेलेलं पाणी

माझ्या आईची एक गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलो. कचेरीत, लग्नांत, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला. दुष्काळाच्या वर्षी माझे वडील वारले, तेव्हा आई घरात साठवलेलं सगळं पाणी अंगणात ओतायला निघाली होती. मी तिच्या हातातला हंडा धरला आणि ते पाणी दारात उभ्या असलेल्या बायकांना वाटून टाकलं. ऐकणारे हसायचे. जुन्या बायकांच्या समजुतींवर दोन शब्द व्हायचे, मग माझं थोडं कौतुक व्हायचं. गोष्ट खरी आहे. पण मी ती जिथून सुरू करायचो त्याच्या बरीच आधी ती सुरू झाली होती, आणि मी जिथे थांबायचो तिथे ती थांबली नाही.

आता ती नीट सांगायचं कारण माझी नात. ती दुसरीत आहे. मी मुलीकडे लातूरला राहतो. मागच्या महिन्यात एका दुपारी मुलगी जेवून आडवी झाली होती. नात तिच्याजवळ गेली, आपल्या बाटलीतल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ते आईच्या नाकाखाली धरून उभी राहिली. मुलगी जागी होती, पण तिने डोळे उघडले नाहीत. नात बाहेर गेल्यावर ती माझ्या खोलीत आली.

"बाबा, बोट ओलं होतं," ती म्हणाली. "हे मी तिला शिकवलेलं नाही. मी झोपलेल्या माणसाकडे बघत उभी राहते, ते मला माहीत आहे. ती झोपली की मी तिच्याकडे बघते. पण ओलं बोट मी तिच्यासमोर कधी धरलेलं नाही. ते कुठून आलं?"

"तुझी आजी जरा..." मी सुरुवात केली.

"हंड्याची गोष्ट नको. ती मला पाठ आहे. खरं काय ते सांगा. पोरीला हे घेऊन मोठं व्हायला लागू नये."

तोंडी सांगायला बसलो तर मी पुन्हा हसवायला लागेन. म्हणून लिहितो आहे.

आम्ही बेने इस्राएल. मूळचे कोकणातले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून आमच्या पूर्वजांना तिकडे शनवार तेली म्हणत. घरात मराठीच बोलतो, प्रार्थना तेवढी हिब्रूत. पण मी वाढलो मुदखेडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, आणि तिथे आम्ही कोण हे कुणालाच नीट उमगलं नाही. शेजारच्या, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समनची बायको आईला दर सणाला विचारायची, "काकू, तुमी नेमके मुसलमानातले का किरिस्तावातले?"

"दोन्हीतले नाही. आम्ही इस्राएल."

"हाव, ते कळलं. पन कोनच्यातले?"

आई हसायची. आईचं हसणं आठवायचं म्हटलं की मला हाच प्रश्न आठवतो.

वडील रेल्वेच्या पंपावर होते. नदीकाठच्या विहिरीतलं पाणी स्टेशनच्या उंच टाकीत चढवायचं, तिथून ते लोखंडी सोंडेतून इंजिनांना पाजलं जायचं. त्याआधी ते रंगूनला गोदीत फिटर होते. लढाईत रंगूनवर बॉम्ब पडले, तेव्हा आईला घेऊन ते चालत हिंदुस्थानात आले. एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. "चालत आलो," एवढंच ते म्हणत. शेजारच्या गावाहून आलो म्हणावं तसं. त्यांच्यासारख्या फिटरला मोठ्या वर्कशॉपमध्ये जागा होती, पण त्यांनी पंपावरचं काम मागून घेतलं. का, असं मी एकदा विचारलं. "पाण्याजवळ बरं असतं," ते म्हणाले.

आमच्या घराचे काही नियम होते. कुठलंही भांडं रिकामं ठेवायचं नाही. हंडे, कळशा, तांबे, चहाची किटलीसुद्धा धुतली की पाण्याने भरून ठेवायची. बाहेर जाताना आई सगळ्यांच्या मागे चालायची. बाजारात, स्टेशनात, कुठेही. मी मागे रेंगाळलो तर ती उभी राहायची, मी पुढे गेल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. वर्षाकाठी एखादं विमान वरून जायचं, तेव्हा ती मला घेऊन खाटेखाली शिरायची आणि आवाज विरला तरी बाहेर येऊ द्यायची नाही. तिच्या छातीतली धडधड माझ्या पाठीला लागायची. मी अजून विमानाचा आवाज आला की भिंतीला टेकतो.

आणि ते बोट. दुपारी झोपलो की नाकाखाली गार काहीतरी लागून मला जाग यायची. आईचं ओलं बोट असायचं. ओल्या बोटाला हलका श्वासही कळतो. कळला नाही तर ती दंडाला चिमटा काढायची. मी "आई गं" म्हणालो की कामाला निघून जायची. सगळ्यांच्या आया असंच करतात अशी माझी समजूत होती. पॉइंट्समनच्या मोठ्या मुलाला मी तसं बोललो, तर तो म्हणाला, "आमची माय तर झोपल्यावर बघतबी न्हाई. मेलं तरी सकाळीच कळंल." त्याला हसू आलं. मला त्या घराची भीती वाटली.

दुष्काळ पडला तेव्हा मी भोकरच्या तहसिलीत कारकून होतो, मुदखेडहून रोज गाडीने जायचो. लग्न व्हायचं होतं. लोक खडी फोडायच्या कामावर होते, घरांतून रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा. माझ्या टेबलावर गावोगावचे पाण्याचे अर्ज पडायचे, आणि टँकर पुरायचे नाहीत हे अर्ज उघडायच्या आधीच माहीत असायचं. वडिलांची विहीर तळाला गेली. मग नांदेडहून पाण्याच्या टाक्या लावलेली गाडी येऊ लागली. त्यातलं आधी इंजिनाला, मग क्वार्टरांना. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बाया सोंडेखाली घागरी मांडून बसायच्या. इंजिन निघून गेल्यावर सोंडेतून जे ठिबकायचं त्यावर भांडणं व्हायची.

आमच्या घरात मात्र पाणी होतं. आईने थेंब थेंब राखून ड्रम भरला होता, हंड्यांवर हंडे रचले होते. तिच्या त्या सवयीची मला एरवी लाज वाटायची. त्या वर्षी वाटली नाही.

वडील एका दुपारी ड्युटीवरून आले, पाणी प्यायले आणि खाटेवर पडले. आईने थोड्या वेळाने तांब्यात बोट बुडवून त्यांच्या नाकाखाली धरलं. मी समोर पेपर वाचत होतो. तिने चिमटा काढला. मग दुसऱ्या दंडाला काढला. मग पुन्हा बोट बुडवलं.

"आई," मी म्हणालो. ती थांबेना. शेवटी मी तिचा हात धरला.

आमच्यात घरात कुणी गेलं की साठवलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. लहानपणी मला सांगितलेलं कारण असं, की मृत्यूचा दूत काम झाल्यावर आपली सुरी घरातल्या पाण्यात धुतो. कुठल्या भांड्यात धुतली ते कळत नाही, म्हणून थेंबही ठेवायचा नाही. मी तहसिलीत नोकरी करणारा, शिकलेला माणूस. मला ते खरं वाटत नव्हतं. आई उठली आणि तिने वरचा हंडा उचलला.

रडणं ऐकून पॉइंट्समनची बायको आली होती. तिच्यामागे सोंडेखालच्या आणखी काही बाया, कडेवर घागरी तशाच.

"काय करतेस?" मी विचारलं.

"ओतायला हवं."

"बाहेर बघ जरा. त्या पाण्यासाठी उन्हात बसतात आणि तू मातीत ओतणार?"

"त्यांना देऊ नको. हे पाणी कुणी प्यायचं नाही."

"काय झालंय या पाण्याला?"

"तुला माहीत आहे."

मी हंड्याचा काठ धरला. ती ओढत होती, मी ओढत होतो. पलीकडे वडील तसेच होते, त्यांच्या अंगावर चादरसुद्धा नव्हती. लोक काय म्हणतील, हा विचार तेव्हा माझ्या मनात सगळ्यात वर होता. दिवसभर पाण्याच्या अर्जांवर शिक्के मारणाऱ्याच्या घरातून पाण्याचा ओहोळ रस्त्यावर जाणार.

"या वेळी तरी ओतू दे रे," आई म्हणाली.

'या वेळी तरी' हे शब्द मी ऐकले. चांगले स्पष्ट ऐकले. विचारलं नाही. हंडा हिसकून घेतला आणि समोरच्या बाईच्या घागरीत रिकामा केला. मग दुसरा, मग ड्रममधलं. पॉइंट्समनच्या बायकोने दोन कळशा नेल्या. एका म्हातारीने तिथेच ओंजळ धरली आणि पिऊन "देव तुमचं भलं करो बाबा" म्हणाली. घरापुरतं थोडं ठेवलं. वडिलांच्या अंघोळीला स्टेशनवरून पाणी आणलं.

मुदखेडला दुसरं इस्राएल घर नव्हतं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तिथे मी एकटा होतो. रेल्वेतल्या ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात एक कोपरा मिळाला. पुस्तकातून मी वाचलं, पॉइंट्समन आणि रेल्वेचे खलाशी टोप्या घालून उभे राहिले.

माझी हसवायची गोष्ट मी पाणी वाटलं तिथे संपायची.

त्यानंतर सात दिवस घराबाहेर न पडता जमिनीवर बसायचं असतं. आई खिडकीशी बसली. समोरून क्वार्टरांची ओळ आणि त्यापलीकडे वस्तीची काही छपरं दिसायची. आमच्याकडचं पाणी नेलेल्या प्रत्येक घरावर तिची नजर होती. सकाळी कुठल्या घरातून धूर निघाला, कुठल्या नाही, हे ती बघायची. स्वतः आमच्या घरातलं पाणी तिने तोंडाला लावलं नाही. शेजारीण स्टेशनच्या स्टॉलवरून चहा आणायची तोच घ्यायची.

"तुमच्याकडे सगळे बरे ना?" ती शेजारणीला विचारायची.

"समदे बरे हायत काकू. तुमी आपलं दुःख गिळा, आमचं काय घेऊन बसलाव."

"धाकटी दिसली नाही."

"झोपली आसंल. उनाचं काय करून राहिली, उंडगी."

"बघून या."

"आता हो काकू," म्हणत ती जायची.

पहिले दोन दिवस मला आईचा राग आला. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तोंड धुवायला मागच्या दाराशी गेलो आणि माझ्या लक्षात आलं की मी धूर मोजतो आहे. खलाशाच्या घरातून धूर नव्हता. मी तसाच ओल्या तोंडाने उभा राहिलो. जरा वेळाने निघाला. मी घरात आलो तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. भीती माझ्यात आली ती त्या पहाटे. पुढे माझ्या मुलीत, तिच्या मुलीत गेली, तिचा मधला मुक्काम मी आहे.

दोन दिवसांनी पॉइंट्समनच्या धाकटीला उलट्या-जुलाब सुरू झाले. चार वर्षांची पोर. त्या उन्हाळ्यात घरोघर हे होतं, आटत आलेल्या झऱ्यांचं गढूळ पाणी लोक पीत होते, आणि का होतं हे सांगणारं परिपत्रक मीच गावांना पाठवलं होतं. तरी ऐकताच मला परिपत्रक आठवलं नाही. ती आमच्या कळशीतलं पाणी प्यायली होती.

तिला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बापाने तिला खांद्यावर टाकलं, त्याची बायको पुढे धावत तिकिटाला गेली. आणि माझी आई सुतकातून उठली. बसण्याचे दिवस पुरे झालेले नसताना उंबरा ओलांडायचा नसतो. ती अनवाणी बाहेर पडली आणि पॉइंट्समनच्या मागून चालू लागली. त्याच्या खांद्यावरून मागे लोंबणारा पोरीचा चेहरा तिच्या समोर होता. त्या चेहऱ्यावरून तिने नजर हलवली नाही. मी तिच्यामागे.

गाडी आली, ते चढले, गाडी गेली. आई फलाटावर बाकावर बसली. मी घरी चल म्हणालो. ती म्हणाली, "त्याला सांगायला पाहिजे होतं, मागे कुणी चालत ठेव म्हणून. खांद्यावर घेणाऱ्याला चेहरा दिसत नाही."

मग तिने सांगितलं. एका सुरात, समोरच्या रुळांकडे बघत.

मला एक बहीण होती, मोठी. ती रंगूनला जन्मली. शहर सोडलं तेव्हा पॉइंट्समनच्या धाकटीएवढी होती. प्रोम गावापर्यंत कसेबसे आले, तिथून पुढे समुद्रापर्यंत डोंगर, आणि त्या डोंगरात माणसांची रांग. वाटेत पाणी नव्हतं. लोक एकमेकांच्या हातातलं हिसकून घेत. आईकडे ॲल्युमिनियमचा एक डबा होता, पदराखाली धरलेला. गर्दीने ओढू नये म्हणून ती पुढे पुढे चालत होती. वडील मागे, खांद्यावर बहीण. झाडाखाली थांबल्यावर आईने डब्याचं झाकण काढलं आणि पोरीला उतरवा म्हणाली.

"झोपली आहे, म्हणाले," आई मला म्हणाली. "केव्हाची झोपलीय विचारलं, तर त्यांना सांगता येईना. मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. पाणी सांभाळत होते."

दगड रचून तिला ठेवलं. मागची माणसं ढकलत होती, थांबू देत नव्हती.

"डबा हातात होता. त्यात तिच्या वाट्याचं होतं. ह्यांनी विचारलं, ओतणार का? मी झाकण लावलं." तिने तळहात मुठीवर दाबून दाखवला. "नंतर आम्ही दोघांनी प्यायलं ते. तेवढ्यावर समुद्रापर्यंत पोचलो. त्यावरच तू झालास."

तिने हे दोष देऊन म्हटलं नाही. शेवटचं वाक्य तर जरा मायेनेच म्हणाली. "तेव्हापासून तो सुरीवाला दूत आपल्याबरोबर आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, या वेळी ओतलं तर सुटेल."

मला काही बोलायला हवं होतं. बहिणीबद्दल काहीतरी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "आई, लोक बघतायत, घरी चल."

पोरगी वाचली. नांदेडला बाटल्या लावल्या आणि ती आठवड्याने परत आली, काटकुळी. शेजारणीने तिला आमच्या दारात उभी केली. "ही बघा काकू, तुमची रांड वाचली." आईने तांब्यात बोट बुडवून तिच्या नाकाखाली धरलं. पोर खिदळली. आईला तेवढ्याने पटलं नाही. मुदखेड सुटल्यावरही ती त्या बाजूच्या माणसांना त्या मुलीची खबर विचारायची, मुलीचं लग्न ठरलं तरी विचारत होती.

आणि मी काय केलं, तर वर्षाच्या आतच हंड्याची गोष्ट तहसिलीत सांगितली. सगळे हसले. त्या दिवशी घरी येऊन मी माठातलं पाणी न थांबता प्यायलो. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. गोष्ट सांगून लोक हसले की काही दिवस पाणी साधं पाणी व्हायचं. मग पुन्हा सांगावी लागायची. दरवेळी आई थोडी आणखी वेडगळ व्हायची आणि मी थोडा आणखी शहाणा. डोंगर त्या गोष्टीत कधीच नव्हता. बायकोलाही मी सांगितला नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीला माणसं हवी होती. मी बदली मागून घेतली. मुदखेडची ती क्वार्टरांची ओळ डोळ्यांसमोरून जावी एवढंच मला हवं होतं. नव्या कचेरीत टेबलं कमी, फायलींचे गठ्ठे जमिनीवर, आणि सगळेजण आपण काहीतरी उभं करतो आहोत अशा घाईत. बायको, मुलगी आणि आई बरोबर होत्या. घर मिळालं ते एका लिंगायत किराणावाल्याच्या मागच्या बाजूला. मालक मोकळा माणूस होता.

"साहेब, शनवारी तुमच्यात चूल पेटत न्हाई म्हनं. शनीचं काय हाय का?"

"नाही हो. आमचा विश्रांतीचा वार."

"आन मयत?"

"पुरतात."

"मंग झालं की. आमच्यातबी पुरतेत," तो म्हणाला, आणि त्या एका गोष्टीवर आम्ही त्याला घरचे झालो.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. एका दुपारी मालकाच्या घरातून ओरडणं आलं. त्याच्या सुनेचं तान्हं बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि माझ्या मुलीने त्याला चिमटा काढला होता. दंडावर लाल वण. मालकीण तिला दंडाला धरून आमच्या दारात घेऊन आली.

"काय वो, पोरीला काय वळण? निजलेल्या लेकराला चिमटे काढती?"

"ते हलत नव्हतं," मुलगी म्हणाली.

"निजल्यावर हलतंय व्हय कुनी?"

मी मुलीला सगळ्यांसमोर दोन थोबाडीत दिल्या. आई आतल्या दारात उभी होती. चिमटा कुणाकडून आला हे ती जाणत होती, मी जाणत होतो, आणि मार त्या पोरीने खाल्ला. संध्याकाळी आई खोबरेल घेऊन मालकाकडे गेली आणि बाळाच्या वणाला लावून आली. मुलीने पुन्हा कुणाला चिमटा काढला नाही. ती नुसती बघत उभी राहायला लागली. मला वाटलं, सुधारली.

दोन वर्षांनी आई गेली. आजारी होती, सगळ्यांना अपेक्षित होतं. मला वाटलं होतं मी शांत राहीन. तिचे डोळे मिटवले, आणि पुढचं मला सलग आठवत नाही. हंडे, घागरी, माठ, मोरीतलं, फुलदाणीतलं. मग मी जिन्याने वर गेलो आणि गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीचं बूच काढलं. पाणी पन्हाळीतून धो धो अंगणात पडायला लागलं. खालून मालक ओरडला, "साहेब, टाकी समद्या भाडेकरूंची हाय." मी ऐकलं नाही. खाली आलो तर मुलगी स्वयंपाकघरात उभी होती, पायाखाली पाणी, हातात पेला. रडून घसा सुकला असेल, पीत होती. मी फटका मारून पेला उडवला.

"थुंक," मी म्हणालो. "आधी थुंक."

ती थुंकली. माझ्याकडे बघत थुंकली. का, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही. महिन्याभराने पाहुण्यांना मी हंड्याची गोष्ट सांगितली, ती शेजारी बसली होती आणि तीही हसली.

पुढे कधीतरी एका लग्नासाठी मुंबईला गेलो असताना आमच्यातल्या एका वयस्कर गृहस्थांना मी सहज विचारलं, की सुरी धुण्याचं ते खरं का. ते म्हणाले, तसंही म्हणतात. पण त्यांच्या आजोबांनी सांगितलेलं कारण वेगळं होतं. मेल्याची बातमी तोंडाने द्यायला जड जाते. दारात पाणी ओतलं की आळीला कळतं, न बोलता. एवढंच. मी जेवणाच्या पंगतीतून उठलो आणि बराच वेळ बाहेर उभा होतो. माझ्या बहिणीची बातमी कुणालाच दिलेली नव्हती. डोंगरावर नाही, रंगूनच्या ओळखीच्यांना नाही, आणि ज्या एका फलाटावर ती मला मिळाली तिथे मी लोक बघतायत म्हणालो.

इथपर्यंतचं लिहून मी मुलीला वाचायला दिलं. ती बँकेतून आली, पर्स न काढता वाचत बसली. पेल्याच्या ओळींपाशी तिने कागद खाली ठेवले आणि पुन्हा उचलले.

"मला वाटायचं माझ्या तोंडून काहीतरी चुकलं होतं," ती म्हणाली. "रडताना मी काहीतरी बोलले असेन, म्हणून थुंकायला लावलं. वर्षानुवर्षं आठवत होते, काय बोलले." मग तिने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"आत्याचं."

मला नाव माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि आईने आपणहून सांगितलं नाही. आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. मुलीने कागदांच्या कडा जुळवल्या. मग जरा वेगळ्याच सुरात म्हणाली, "आणि तुम्ही गेल्यावर? आपल्याकडे नळ आठवड्याने येतो. ओतायचं का ठेवायचं, ते आताच सांगा."

"ओत. पण पोरीला आधी सांग कशासाठी."

"मग नळ यायच्या दिवशी जा म्हणजे झालं."

आम्ही दोघं हसलो. माझ्या हसण्यात भीती होती, तिच्याही असणार.

नातीला मुलीनेच सांगितलं, रविवारी, माझ्यासमोर. डोंगर, डबा, खांद्यावरची मुलगी. सोपं करून, पण काही न गाळता. मी मध्ये दोनदा थांबवू पाहिलं. नातीने सगळं ऐकून विचारलं, "म्हणजे तिला पाणी मिळालंच नाही?"

"नाही."

"आणि पणजीने मागे बघितलं नाही, म्हणून ती सगळ्यांना बोट लावायची?"

"हो."

"आणि तुम्ही?" तिने मला विचारलं.

"मीही लावतो," मी म्हणालो. "तू झोपलीस की. तुला माहीत नसेल."

"माहीत आहे," ती म्हणाली. "गार लागतं."

ओलं बोट तिच्यापर्यंत माझ्याकडून आलं होतं. तिच्या आईने सवय सोडली असं समजून मी निश्चिंत होतो, आणि दुपारच्या दुपारी मी तिच्या पोरीच्या उशाशी उभा राहत होतो.

परवा ती शाळेतून आली, जेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बाहेरच्या खोलीत बसलो. पेपर वाचला, पुन्हा वाचला. पंखा तिच्यावर फिरत होता, त्यामुळे पाठ हलते की नाही ते इथून कळत नव्हतं. शेवटी उठलो. फुलपात्रात बोट बुडवलं आणि तिच्या खाटेपाशी गेलो. बोटावरून थेंब ओघळत होता. मी वाकलो.

तिने डोळे मिटलेलेच ठेवले. "आजोबा, आहे मी," ती म्हणाली. "जा, झोपा तुम्ही."

मी बोट धोतराला पुसलं आणि परत येऊन खुर्चीत बसलो. झोप आली नाही. पण उठलो नाही.